इंद्रभान मिस्त्रीचा कच्चा जोड

जळगाव जामोदात लाकडाचं काम जाणणारे बरेच होते, पण जोडाची गोष्ट निघाली की लोक इंद्रभान मिस्त्रीचं नाव घेत. त्यानं बसवलेल्या चौकटीच्या कोपऱ्यावर नख फिरवलं तरी दोन लाकडं कुठं भेटतात ते नखाला कळत नसे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. पुढं टिनाची पडवी आणि मागं राहायच्या दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन गेली होती. घरात तो आणि बायको जनकाबाई, दोघंच. दिवसभर तिफणी, वखर, गाडीची जुवं, दाराच्या चौकटी. बोलणं कमी. लाकूड हातात घेतलं की आधी बोटाच्या पेरानं ठोकायचा आणि कान खाली नेऊन ऐकायचा. 'मिस्त्री लाकडाले तब्येत पुसते,' असं गिऱ्हाइकं हसून म्हणत.

त्याच्याकडं आणखी एक विद्या होती, ती कुणाला ठाऊक नव्हती. तरुणपणी तो तीन वर्षं नागपूरला एका खुर्च्यांच्या कारखान्यात होता. तिथल्या उस्तादानं त्याला वाकड्या पाठीच्या खुर्च्या शिकवल्या होत्या. जाड लाकूड जबरदस्तीनं वाकवलं तर ते रुसून बसतं आणि संधी मिळाली की सरळ होतं. म्हणून त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या, वाफेवर नरम करायच्या, साच्यावर वाकवून सुकवायच्या आणि मग मधे सरस घालून एकीला एक चिकटवायच्या. सरस वाळला की पट्ट्या एकमेकींना सरळ होऊ देत नाहीत. पण जळगावात वाकड्या पाठीची खुर्ची कोण मागतो? वीस वर्षं ती विद्या तशीच पडून राहिली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दुसरा पावसाळा लागला होता, तेव्हा हायस्कुलातले कसरतीचे मास्तर वामनराव छत्री झटकत पडवीत आले. त्यांच्या हातात एका मासिकाचं पान होतं. पानावर धनुष्याचं चित्र होतं, टोकांकडं उलटं वळलेलं, चकचकीत.

"मिस्त्री, असं करता येईल का?"

इंद्रभाननं पान उजेडाकडं धरलं. धनुष्याच्या कडेला बारीक रेघा दिसत होत्या, एकावर एक. पट्ट्या होत्या त्या. उस्तादाच्या खुर्च्यांच्या पाठीसारख्याच.

"कोनासाठी पायजे?"

वामनरावांनी सांगितलं ते असं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात कोकिळाबाई नावाची शिक्षिका दोन वर्षांपासून आहे. मूळची मेहकरची, वय बावीस-तेवीस, वडील नाहीत. शाळेजवळच दयाराम नावाचा म्हातारा कोरकू राहतो, तो बासाचं, म्हणजे बांबूचं, धनुष्य करतो. तिनं त्याच्याकडून गंमत म्हणून तीर मारायला शिकून घेतलं आणि आता साठ पावलांवरची कैरी पाडते. बुलढाण्याला यंदा पहिल्यांदाच धनुर्विद्येची निवड होणार आहे. तिथं निवडलेली पोरगी पुढं राज्याच्या चमूत जाईल. मात्र बासाच्या साध्या धनुष्याचा तीर लांबच्या लक्ष्यावर दर वेळी एकाच जागी बसत नाही, आणि बाहेरून आणायचं धनुष्य आपल्याला परवडणार नाही.

"दसऱ्यानंतर आहे निवड," वामनराव म्हणाले. "अडीच महिने आहेत."

"करतो," इंद्रभान म्हणाला. पैशाचं त्यानं विचारलंही नाही.

पुढच्या आठवडी बाजाराला कोकिळा स्वतः आली, दयारामला घेऊन. सावळी, उंच, सायकल चालवून दंड घट्ट झालेले. नमस्कार करताना ती सरळ डोळ्यांत पाहायची, खाली नाही. दयारामच्या खांद्यावर बासाची मोळी होती. त्यानं मोळी उतरवून एक-एक बास इंद्रभानसमोर आडवा ठेवला, जसं कुणी लेकराला नीट निजवावं.

"अंधाऱ्या पाखातले हायेत," तो म्हणाला. "चांदन्यात तोडला तं कीड लागते. आन हे धामनीचं लाकूड, मधात घालाले. धामन वाकते, मोडत नाई."

इंद्रभाननं ठोकून पाहिलं. बास घंटेसारखा वाजला. दोघं कारागीर, एक म्हातारा आणि एक मध्यमवयीन, एकमेकांकडं पाहून पहिल्यांदाच हसले.

त्या महिन्यात इंद्रभान वेगळाच माणूस झाला. जनकाबाईनं त्याला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, तेही ऐकलं. बाभळीच्या ओंडक्यातून त्यानं साचा कोरला. धामणीच्या दोन पट्ट्या आणि पाठीला बासाची एक, अशी रचना ठरवली. प्रत्येक पट्टी मुठीपाशी जाड, टोकाकडं पातळ होत गेलेली, रंध्यानं केसाकेसानं उतरवलेली. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्या वाफेवर तो पट्ट्या धरायचा. त्या मळलेल्या कणकेसारख्या नरम झाल्या की साच्यावर दाबून लोखंडी शिकंजे आवळायचा. त्या सुकून मधे सरस लावला की जुन्या सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या धनुष्यभर गच्च गुंडाळायच्या, म्हणजे दाब सगळीकडं सारखा बसतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. ट्यूब ओढून धरायला जनकाबाई लागायची. सरसाच्या उग्र वासानं सगळी गल्ली नाक मुरडायची.

पहिलं धनुष्य ताणून पाहतानाच मोडलं, कारण पट्ट्या जाड राहिल्या होत्या. इंद्रभानला वाईट वाटलं नाही. शिकायचं ते त्यात शिकून झालं. दुसऱ्याच्या पट्ट्या त्यानं साच्यावर वाकवल्या आणि सावलीत सुकायला टांगल्या. वाफेचं पाणी लाकडात खोल जातं. ते पूर्ण निघाल्याशिवाय सरस लावायचा नाही, हा उस्तादाचा पहिला धडा होता. कोरड्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. त्या वर्षी हवा कोरडी नव्हती. पोळा झाला, गणपती बसले आणि पाऊस थांबायचं नाव घेईना.

पट्ट्या टांगल्याला तिसराच दिवस होता, तेव्हा वामनराव सायकल टाकून धावत आले. जिल्ह्याहून पत्र आलं होतं. निवड दसऱ्यानंतर नव्हे, गणपती उठले की लगेच. म्हणजे बारा दिवसांत. त्यात कोकिळेला धनुष्य हाताला बसवून घ्यायलाही चार-पाच दिवस लागणार.

"आज सरस लावता येईल का?" वामनरावांनी विचारलं.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. इंद्रभाननं टांगलेल्या पट्टीला पेरानं ठोकलं. आवाज भरलेला होता, ओल्या मडक्यासारखा.

जनकाबाई दारातून म्हणाली, "वली हाय ना आजून?"

"चूल पेटव," इंद्रभान म्हणाला. "शेकून घेतो."

त्यानं पट्ट्या निखाऱ्याच्या उबेवर दिवसभर फिरवल्या. वरून त्या कोरड्या झाल्या, आतून झाल्या की नाही हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळी सरस लावला, ट्यूब गुंडाळली, शिकंजे आवळले. चार दिवसांनी सोडलं तेव्हा धनुष्य देखणं निघालं, चित्रातल्यासारखं. फक्त वरच्या भुजेत, मुठीपासून वीतभर अंतरावर, बास आणि धामणीच्या मधे केसासारखी काळी रेघ होती. त्यानं तिथं ठोकलं. ठस्स वाजलं.

हा जोड धरला नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. एखादा वर्षाचा शिकाऊ असता तर चुकला असता, पण इंद्रभान मिस्त्री चुकणार नव्हता. पुन्हा करायला दिवस नव्हते. कोकिळा दुसऱ्या दिवशी येणार होती. त्यानं सरस पातळ करून सुरीच्या पात्यानं त्या रेघेत भरला, वरून लाल रेशमी दोरा जवळजवळ गुंडाळला आणि त्यावर लाखेचा हात दिला. खालच्या भुजेलाही तसाच दोरा गुंडाळला, म्हणजे तो नक्षीसारखा दिसेल.

कोकिळेला तो दोराच सगळ्यांत आवडला. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "काका, हे किती सुंदर केलंत तुम्ही."

इंद्रभान म्हणाला, "जपून ताना, बाई. नवीन हाये."



बुलढाण्याच्या मैदानावर त्या दिवशी ऊन पडलं होतं. वामनरावांनी आग्रहानं इंद्रभानलाही एस.टी.त घातलं होतं आणि दयारामही आला होता, धुतलेलं धोतर नेसून. मुली पाचच होत्या. बाकीच्या चौघींकडं साधे बास होते. कोकिळेच्या धनुष्याभोवती लोक जमले, कुणी हात लावून पाहिलं, कुणी विचारलं हे कुठून आणलं. वामनराव सांगत होते, "आमच्या मिस्त्रीनं केलं, जळगावात!" इंद्रभान मागं सरकत होता.

बारा तीर मारायचे होते. पहिला बसला, दुसरा बसला. चौथ्याला लोक टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांची नजर लक्ष्याकडं होती आणि इंद्रभान एकटा त्या लाल दोऱ्याकडं पाहत होता. सातव्या तिराला, तिनं दोरी कानाशी ओढली तेव्हा, त्याला आवाज आला. टक. चिमणीनं पत्र्यावर चोच मारावी एवढाच. दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. त्याचा हात वर उठला. 'थांबा' म्हणायचं होतं. मग त्याला दिसलं की वामनराव आनंदानं नाचायच्या बेतात आहेत, अधिकारी कागदावर लिहितोय, दयारामनं हात जोडलेत. पाचच तीर राहिलेत, असं त्यानं मनाशी म्हटलं. हात खाली आला.

अकरावा तीर तिनं पूर्ण ताणला आणि वरची भुजा फाटली. बासाची पट्टी धामणीपासून उचकटली, मधोमध तुटली आणि तिचं टोक उलटून कोकिळेच्या तोंडावर गेलं. ती ओरडली नाही. डावा डोळा तळहातानं दाबून खाली बसली आणि बोटांच्या फटींतून रक्त मनगटापर्यंत आलं.

गोंधळ झाला, कुणी जीप आणली, तिला दवाखान्यात नेलं. अधिकाऱ्यानं वामनरावांना विचारलं, "हे कसं झालं?"

वामनरावांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पटकन म्हणाले, "जंगलातला बास, साहेब. आतून किडका निघाला असेल." आणि त्यांनी इंद्रभानकडं पाहिलं.

इंद्रभानच्या हातात धनुष्याचे तुकडे होते. त्यानं ते कापडात गुंडाळायला घेतले. दोन हातांवर दयाराम उभा होता, त्यानं ते ऐकलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण डावा डोळा गेला. कोकिळेला तिची आई भिमाबाई मेहकरला घेऊन गेली. शाळेला दुसरा मास्तर आला.

आणि 'किडका बास' हे दोन शब्द गावभर झाले. वामनराव वाईट माणूस नव्हते. घाबरून एकदा बोलले आणि मग तेच बोलणं धरून बसले. बाजारात दयारामच्या मोळीपाशी कुणी थांबेना. टोपल्या विणणाऱ्या बायासुद्धा दुसरीकडून बास घेऊ लागल्या. कोकिळेचा मामा शंकरराव मेहकरहून येऊन भर बाजारात त्याच्यावर धावून गेला, "म्हाताऱ्या, माझ्या भाचीचा डोळा खाल्लास!" दयारामनं शंकररावाच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या दिवसापासून तो बाजाराला यायचा बंद झाला. त्यानं घरातली सगळी धनुष्यं आपल्या हातानं मोडून चुलीत घातली, असं कुणी सांगत होतं.

इंद्रभान हे सगळं ऐकायचा आणि रंधा मारत राहायचा. वस्तू करून देत होता, पण ठोकून ऐकायची सवय गेली. जेवण कमी झालं. जनकाबाई त्याच्याकडं पाहायची. तिला सगळं ठाऊक होतं. ट्यूबचं दुसरं टोक तिनंच ओढून धरलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी दयाराम पडवीत येऊन उभा राहिला. दीड-दोन महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मिस्त्री, एक पुसाले आलो. म्या थो बास तीनदा पाह्यला व्हता. गाठी पाह्यल्या, ठोकला, कान लावला. कीड कोठी व्हती? मले दाखवा. म्या दोन महिन्यांपासून थेच इचार करून राह्यलो. येकडाव डोयानं पाह्यली, म्हंजे माहा जीव तरी ठिकान्यावर येईन."

तुकडे वर माळ्यावर होते, हात वर केला असता तर लागले असते.

"आता काय पाहाचं, दयाराम?" इंद्रभान म्हणाला. "झालं थे झालं."

"म्हंजे कीड व्हती."

इंद्रभाननं रंधा उचलला आणि समोरच्या फळीवर चालवायला लागला. कुरकुर छिलके निघत राहिले. दयारामनं ते पाहिलं. मग "बरं," म्हणाला आणि निघून गेला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो भिंतीला टेकला, दम खाल्ला आणि पुन्हा चालू लागला.

इंद्रभान जेवायला बसला तेव्हा जनकाबाईनं ताट आणलं नाही. तिनं माळ्यावरचं कापडात गुंडाळलेलं गाठोडं काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"भाकर मंग वाढीन," ती म्हणाली. "पह्यले याचं काय करता थे सांगा."

"काय करू? सांगतलं तं धंदा बसन. कोन माह्या हातचं घेईन?"

"थो बुढा माह्या दारातून रडत गेला. म्या पाह्यलं. तुमाले धंद्याचं पडलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "म्याही गप राह्यली. माहंही पाप हाये थे. पन माह्यानं आता पानी गियलं जात नाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं इंद्रभान निघाला. नांदुरा, खामगाव, मग मेहकर. गाठोडं मांडीवर होतं. वाटेत दोनदा उतरून परत फिरावं असं त्याला वाटलं. खामगावच्या स्टँडवर तर तो खरंच उतरला आणि जळगावच्या गाडीपाशी उभा राहिला. ती भरून निघून गेली तरी तो चढला नाही.

मेहकरला कोकिळेचं घर बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत होतं. भिमाबाईनं त्याला ओळखलं नाही. धनुष्य करणारा मिस्त्री म्हटल्यावर तिनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, "लांबून आलात," म्हणाली. शंकररावही घरात होता. कोकिळा आतून आली. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि उंबरा ओलांडताना तिनं आधी पायानं तो चाचपला.

इंद्रभाननं गाठोडं सोडलं. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"बाई, हे पाहा," तो म्हणाला. "बास कीडलेला असता तं आतून भुगा निघाला असता. हा पाहा, साफ हाये. पह्यले लाकूड नाई तुटलं. जोड सुटला. सरस धरला नव्हता. म्या वल्या पट्टीले सरस लावला."

कोकिळेनं तुकडा हातात घेतला, अगदी जवळ, उजव्या डोळ्यापाशी नेला. बासाची आतली बाजू गुळगुळीत होती, त्यावर सरसाची पिवळी पापडी, नखानं उडणारी.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुमाले द्याच्या आधी."



"मग हा दोरा?"

"झाकाले."

इंद्रभान थांबला असता तर चाललं असतं, पण आता त्याला थांबता येईना. "सातव्या तिराले आवाज आला व्हता. म्या आयकला. म्या थांबवलं नाई."

शंकररावानं त्याची गचांडी धरून त्याला उभं केलं. त्यानं मारलं असतं आणि इंद्रभाननं मार खाल्ला असता. भिमाबाई मधे पडली. दयेनं नव्हे. ती म्हणाली, "सोड त्याला. मारलंस तर तो मोकळा होईल."

कोकिळेनं तुकडा खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "दयारामबाबांना सांगितलंत?"

इंद्रभाननं मान हलवली. नाही.

"माझ्याकडं आधी आलात," ती म्हणाली. "मी शिकलेली, माझं कुणीतरी ऐकेल. माझ्या मामानं तुम्हाला मारलं तरी गाव तुमच्या बाजूनं उभं राहील. त्यांच्या बाजूनं कोण आहे? मला तुमची क्षमाबिमा काही नको. परत जा आणि ज्या बाजारात त्यांना दोषी ठरवलं, त्याच बाजारात सांगा. माझा मामा तिथं येईल, त्यालाही काही सांगायचं आहे त्यांना."

शंकररावानं मान खाली घातली.

पुढच्या बाजाराला जनकाबाई स्वतः डोंगरपायथ्याला गेली आणि दयारामला हाताला धरून घेऊन आली. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही. जिथं तो मोळी घेऊन बसायचा, त्या जागेवर इंद्रभान उभा होता, तुकडे हातात घेऊन. भाजीवाल्या, गुरांचे व्यापारी, टोपल्यावाल्या बाया, सगळे होते. वामनरावही होते, इंद्रभानला बाजूला ओढत, "मिस्त्री, कशाला आता, शाळेचं नाव जाईल," असं हळूच म्हणत.

इंद्रभानला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. मग तो ओरडला. "बास चांगला व्हता! दयारामचा बास चांगला व्हता! जोड माहा कच्चा! मले मालूम व्हतं!"

बाजार थांबला. त्यानं तुकडा एकेकाच्या हातात दिला, नखानं सरस उडवून दाखवला. कुणी शिवी दिली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "म्हंजे माह्या घराची चौकटही अशीच का बे?" लोक हसले. शंकरराव पुढं झाला आणि दयारामपुढं वाकला. म्हाताऱ्यानं घाबरून त्याला मधेच धरलं.

मग इंद्रभान दयारामपाशी गेला. दयारामनं तुकडा घेतला, आतून-बाहेरून पाहिला, पेरानं ठोकला, कान लावला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"म्या तुह्या दारात पुसाले आलो व्हतो," तो म्हणाला. आजवर तो 'तुमी' म्हणत होता. "तवा तू रंधा मारत व्हता."

"हाव," इंद्रभान म्हणाला.

तुकडा दयारामनं परत दिला नाही. धोतराच्या कनवटीला खोचला आणि गर्दीतून चालता झाला. त्यानंतर तो बारा वर्षं जगला, पण इंद्रभानशी एक शब्द बोलला नाही. समोरून आला की वाट बदलायचा नाही, सरळ चालत जायचा, जसं मधे कुणी नाहीच. त्याची मोळी मात्र पुन्हा खपू लागली.

इंद्रभानचा धंदा बसला. पूर्ण नाही, पण चौकटी-दारं दुसरीकडं गेली. तिफणी आणि वखर राहिले, त्यात सरस लागत नाही. जो येई तो एकदा तरी विचारी, "जोड उकलणार नाई ना, मिस्त्री?" सुरुवातीला लोक टोचायला म्हणायचे, पुढं ती नुसती बोलण्याची रीत झाली. तो दर वेळी उत्तर द्यायचा, "ठोकून पाहा." पट्ट्या वाकवायचं काम त्यानं पुन्हा केलं नाही. वामनराव बदली घेऊन घाटावर गेले.

कोकिळा मात्र परत आली. वर्षभरानं, काळा चष्मा लावून, त्याच शाळेत. इंद्रभान तिला लांबून पाहायचा, बाजाराच्या पिशव्या अडकवलेली सायकल हातात धरून चालताना. सायकलवर बसणं तिनं सोडलं होतं. दुकानाकडं ती कधी वळली नाही आणि त्यानंही तिच्या वाटेत जायचं टाळलं.

पाच वर्षांनी तिची बदली मेहकर तालुक्यात झाली. जायच्या दिवशी एस.टी.ला तासभर अवकाश होता. ट्रंक स्टँडवर ठेवून ती गल्लीत आली आणि पडवीत उभी राहिली. इंद्रभान हातातलं काम टाकून उठला. जनकाबाईनं स्टूल पुढं केलं. "बसा, बाई."

ती बसली. चष्मा काढला. डावी पापणी मिटलेली होती.

इंद्रभान म्हणाला, "बाई, एक पुसू? यवढ्या वर्षांत पुसाची हिंमत झाली नाई. येका डोयानं... कसं असते?"

कोकिळेनं त्याच्याकडं पाहिलं. हा प्रश्न तिला आईनं विचारला नव्हता, डॉक्टरांनीही नाही.

"पहिल्यांदा पाणी ओतताना कळलं," ती म्हणाली. "तांब्या फुलपात्रावर धरला आणि पाणी बाहेर. दूर-जवळ कळत नाही. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे की जमीन, ते पाय टेकल्यावरच समजतं. फळ्यावर लिहिताना खडू आधीच टेकतो. डाव्या बाजूनं पोरं धावत आली की दचकते, म्हणून वर्गात भिंत डावीकडं ठेवते. सुईत दोरा पोरींकडून ओवून घेते. पोरी हसत नाहीत, पण मला हसल्यासारखं वाटतं. आणि तीर..." ती थांबली. "नेम धरायला एकच डोळा लागतो, हे सगळे मला सांगतात. खरं आहे. पण दोरी कानाशी आली की माझी मान आपोआप वळते. दयारामबाबांपाशी पुष्कळदा करून पाहिलं. मान थांबत नाही."

ती सांगत गेली, न रडता, न रागावता, जसं वर्गात एखादा धडा समजावून सांगावा. इंद्रभान जमिनीवर बसून ऐकत होता. त्यानं माफी मागितली नाही आणि तिनंही तो विषय काढला नाही.

जनकाबाई चहा घेऊन आली. कोकिळेनं आधी डाव्या हातानं बशीची कड धरली, मग उजव्या हातानं कप उचलला. चहा सांडला नाही. तो पिऊन ती उठली.

"गाडी येईल आता," ती म्हणाली.

इंद्रभान पडवीच्या कडेला येऊन उभा राहिला. खाली दोन पायऱ्या होत्या. तिनं पहिलीवर पाय ठेवला, दुसरीला क्षणभर अडखळली. त्याचा हात पुढं झाला. तिनं तो पाहिला, धरला नाही, स्वतःच उतरली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.